लाइपझिगचा कँटाटा, तंजावरची कुरवंजी

योहान सेबास्टियन बाखचा ‘वाखेट आउफ’ हा कँटाटा 25 नोव्हेंबर 1731 रोजी, रविवारच्या उपासनेत, लाइपझिगमध्ये प्रथम गायला गेला. कँटाटा म्हणजे प्रवचनाच्या जोडीने वाद्यमेळासह गायचे धर्मसंगीत. आपल्या कीर्तनाचा दूरचा भाऊबंद म्हणता येईल. ‘वाखेट आउफ’चा आधार फिलिप निकोलाय या पाद्र्याने 1599 मध्ये प्रसिद्ध केलेले लुथरपंथी स्तोत्र. मध्यरात्री नवरदेव येतो आहे, दिवे घेऊन उठा, अशी पहारेकऱ्यांची हाक त्यात ऐकू येते. सात भागांपैकी पहिल्या, चौथ्या आणि सातव्या भागात स्तोत्राची तीन कडवी आहेत. चाल मंडळीला पाठच होती, म्हणून बाखला तिच्याभोवती मोकळेपणाने खेळता आले. चौथ्या भागात तंतुवाद्यांची स्वतंत्र धून चालू असते आणि टेनर संथपणे स्तोत्राची ओळ तिच्यात सोडत जातो. दोन युगुलगीतांत आत्मा वधू, ख्रिस्त वर. मधुराभक्तीची सवय असलेल्या वाचकाला यात नवल वाटणार नाही.

लुथरपंथी स्तोत्रे भारतात आली ती तमिळ किनाऱ्यावरच्या तरंगमबाडीच्या डॅनिश ठाण्यातून. 1706 मध्ये झीगेनबाल्ग आणि प्लुट्शाउ हे जर्मन मिशनरी तिथे उतरले, तेव्हा बाख 21 वर्षांचा होता. पुढे त्याच मिशनमधला क्रिश्चन फ्रीड्रिख श्वार्ट्झ तंजावरच्या मराठी दरबारात वजनदार माणूस ठरला. तुळजाजी राजांनी आपला दत्तक मुलगा सर्फोजी त्याच्या देखरेखीखाली दिला. वेदनायगम शास्त्री हा तमिळ ख्रिस्ती कवीही त्याचाच विद्यार्थी.

1798 मध्ये श्वार्ट्झ वारला आणि त्याच वर्षी सर्फोजी गादीवर बसले. त्यांनी इंग्लंडमधल्या जॉन फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून गुरूचे संगमरवरी स्मारक करवून घेतले. त्यात मरणासन्न श्वार्ट्झचा हात हाती घेतलेले राजे कोरलेले आहेत. दरबारात पाश्चात्य वाद्यवृंदही होता.

सर्फोजी आणि वेदनायगम या दोन्ही शिष्यांनी हाती घेतलेला प्रकार मात्र पूर्ण देशी होता. कुरवंजी या तमिळ गेय नाट्यात एक तरुणी देवावर किंवा राजावर भाळते आणि भटकी भविष्यवेत्ती, म्हणजेच कुरवंजी, तिचा हात पाहून मीलनाचे भविष्य सांगते. वेदनायगमच्या ‘बेथलेहेम कुरवंजी’त (1800) नायिका म्हणजे ख्रिस्ताची वधू आणि भविष्य सांगणारी म्हणजे श्रद्धा. निकोलायच्या स्तोत्रातले लग्नच इथे कर्नाटक रागांत लागते, आणि मध्येच खगोल-भूगोलाचा पाठही होतो. सर्फोजींनी मराठीत ‘देवेंद्र कुरवंजी’ लिहिली, तिच्यात तर जगाचा भूगोलच गाऊन सांगितला आहे. बृहदीश्वर मंदिरात पूर्वी होणाऱ्या ‘शरभेंद्र भूपाल कुरवंजी’त नायिका भाळते ती खुद्द सर्फोजींवर. या कुरवंजीचा कर्ता शैव तमिळ कवी होता.

नंतरच्या पिढीतल्या मिशनऱ्यांशी वेदनायगमचे जातीच्या रिवाजांवरून आणि गाण्यांवरून बिनसले. 1864 मध्ये तो वारला. त्याची रागदारीतली गीते तमिळ प्रॉटेस्टंट चर्चमध्ये आजही गायली जातात.