यंत्र चालू आहे, पण काम करतंय का?

सकाळच्या पाळीच्या वेळी चऱ्होली फाट्यावर उभं राहिलं, की कंपन्यांच्या बसगाड्या एकामागून एक जाताना दिसतात. कुणी भोसरीकडे, कुणी मोशीवरून चाकणकडे. या पट्ट्यात ‘सायकल’ म्हटलं, की सगळ्यांनाच काही दोन चाकांची सायकल आठवत नाही. इथं सायकल म्हणजे सायकल टाइम. एक नग यंत्रावर चढल्यापासून उतरेपर्यंत लागणारा वेळ. शॉपमधला जुना सुपरवायझर यंत्राच्या नुसत्या आवाजावर कधी विश्वास ठेवत नाही. यंत्र फिरत असतं, दिवा हिरवा असतो, पण टूल हवेतच फिरत असतं. त्याला ‘एअर कटिंग’ म्हणतात. विजेचं बिल पूर्ण आणि काम शून्य.

आज मला सांगायचंय ते संगणकाच्या एअर कटिंगविषयी, आणि ते पकडण्याची सोय सामान्य माणसाच्या हाती कशी आली त्याविषयी.

संगणकातही सायकल असते. आजच्या साध्या संगणकाचा प्रोसेसर एका सेकंदात सुमारे तीन अब्ज ठोके घेतो. प्रत्येक ठोका म्हणजे एक सायकल. आपण पडद्यावर पाहतो, प्रोसेसर १०० टक्के व्यस्त आहे. आपल्याला वाटतं, बिचारा राबतोय. पण त्या १०० टक्क्यांत वाट पाहणंही धरलेलं असतं. हवा असलेला आकडा जवळच्या छोट्या, वेगवान कॅश मेमरीत मिळाला नाही, तर तो मुख्य मेमरीतून आणावा लागतो आणि त्यात दोनशे-तीनशे सायकलीही जाऊ शकतात. तेवढा वेळ प्रोसेसर पुष्कळदा हात बांधून बसलेला असतो. हिशेबात मात्र तो ‘व्यस्त’च असतो.

वेळ नेमका कुठे जातो, हा प्रश्न संगणकाइतकाच जुना आहे. १९६० मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ‘टिफ्रॅक’ हा देशी बनावटीचा संगणक सुरू झाला. त्या काळी संगणकाचा एकेक तास मोलाचा असे. पुढे १९७१ मध्ये डोनाल्ड कनुथ या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने अनेक प्रोग्रॅम तपासून दाखवून दिलं, की प्रोग्रॅमच्या चार टक्क्यांहून कमी भागात निम्म्याहून जास्त वेळ खर्च होतो. म्हणजे सगळं सुधारत बसायची गरज नाही, तो छोटासा भाग सापडला पाहिजे. तो शोधण्याची साधनं लवकरच आली. पण ती वेळ कुठे गेला एवढंच सांगत. का गेला, हे सांगायला यंत्राच्या पोटातच मोजणी करणारं काही तरी हवं होतं.

ते आधी आलं महासंगणकांत. अमेरिकेच्या ‘क्रे एक्स-एमपी’ या महासंगणकात अशा घटना मोजणारे गणक प्रत्यक्ष यंत्रातच बसवलेले होते. गणक म्हणजे रिक्षाच्या मीटरसारखा आकडा. घटना घडली, की एकाने वाढतो. याच जातीचा एक क्रे हवामानाच्या अंदाजासाठी भारताने घेतला आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस तो दिल्लीत बसला. त्याहून मोठं यंत्र मात्र अमेरिकेने आपल्याला नाकारलं. त्या नकारानंतर १९८८ मध्ये पुण्यात ‘सी-डॅक’ उभी राहिली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला, ही गोष्ट आपल्याला अभिमानाने ठाऊक आहे. एका बलाढ्य प्रोसेसरऐवजी अनेक छोटे प्रोसेसर एकत्र जुंपायचे, ही त्यामागची कल्पना. जू अनेकांच्या मानेवर आलं, की कोण ओढतोय आणि कोण नुसता चालतोय, हे पाहणं अधिकच गरजेचं होतं.

महासंगणकाच्या वेगाचे दोन आकडे असतात. एक कागदावरचा कमाल वेग, दुसरा ठरलेलं गणित सोडवायला देऊन मोजलेला प्रत्यक्ष वेग. नोव्हेंबर २००७ मध्ये पुण्यातला टाटा समूहाचा ‘एका’ हा महासंगणक जगात चौथा आला. त्याचा कागदावरचा वेग होता सुमारे १७० टेराफ्लॉप, म्हणजे सेकंदाला १७० लाख कोटी आकडेमोडी. मोजलेला वेग भरला ११७.९ टेराफ्लॉप. यात काही फसवणूक नाही. चौथा क्रमांकही मोजलेल्या वेगावरच मिळाला. पण हा फरक सगळ्या यंत्रांत असतो आणि रोजच्या कामात तो पुष्कळदा याहून मोठा असतो. फरक कशाने पडला, हे गणक सांगतात.

हे झालं मोठ्यांचं. घराघरांतल्या संगणकाचं काय? १९९३ मध्ये इंटेलचा पेंटियम प्रोसेसर आला. त्याच्या पोटात असे दोन गणक बसवलेले होते. पण त्यांची माहिती पुस्तिकेच्या एका परिशिष्टात ठेवलेली होती आणि गुप्ततेच्या करारावर सही करणाऱ्यालाच ते मिळे. यंत्र तुम्ही विकत घेतलेलं, मीटर तुमच्या यंत्रात बसवलेला, पण तो वाचायचा कसा, हे तुम्हाला सांगायचं नाही! तेर्जे मॅथिसन नावाच्या नॉर्वेच्या एका प्रोग्रॅमरने खटपट करून ते गणक कसे चालतात हे स्वतःच शोधून काढलं आणि जुलै १९९४ च्या ‘बाइट’ मासिकात छापून टाकलं. पुढच्या पिढीच्या प्रोसेसरांबरोबर कंपनीनेच ही माहिती खुल्या पुस्तिकांत दिली.

माहिती खुली झाली, तरी वापरायला ती किचकटच होती. प्रत्येक प्रोसेसरचे गणक वेगळे, घटनांचे क्रमांक वेगळे. लिनक्स या खुल्या प्रणालीसाठी काही चांगली साधनं झाली, पण सगळ्यांना एकच सरळ वाट नव्हती. डिसेंबर २००८ मध्ये थॉमस ग्लाइक्स्नर आणि इंगो मोल्नार यांनी एक नवी रचना मांडली आणि सप्टेंबर २००९ मध्ये आलेल्या लिनक्सच्या २.६.३१ या आवृत्तीत ती दाखल झाली. तिच्यासोबत आलेल्या साधनाचं नाव ‘पर्फ’.

पर्फला खिडक्या नाहीत, चित्रं नाहीत. काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायची. ‘पर्फ स्टॅट’ लिहून पुढे आपल्या प्रोग्रॅमचं नाव द्यायचं. प्रोग्रॅम संपला, की एक छोटा तक्ता मिळतो. किती सायकली गेल्या, किती सूचना पार पडल्या, दर सायकलमागे किती सूचना झाल्या, किती वेळा पुढच्या वळणाचा अंदाज चुकला. मागितलं, तर हवा तो आकडा जवळ किती वेळा सापडला नाही, हेही कळतं. ‘पर्फ रेकॉर्ड’ याच्या पुढे जातं. ठरावीक घटना झाल्या, की प्रोसेसरला क्षणभर थांबवून तो कुठल्या सूचनेवर होता याची नोंद घेतं. सुपरवायझरने अधूनमधून शॉपमधून चक्कर मारावी आणि कोण काय करतोय ते टिपून ठेवावं, तसं. पुरेशा चकरा झाल्या, की चित्र स्पष्ट होतं.

समजा, चऱ्होलीतला एखादा तरुण चाकणच्या छोट्या कारखान्यासाठी सुट्या भागांचे फोटो तपासणारा प्रोग्रॅम लिहितो. फोटो म्हणजे आकड्यांचा मोठा तक्ता. त्याची बेरीज आडव्या ओळींनी करा किंवा उभ्या रकान्यांनी करा, उत्तर एकच येणार. पण मेमरीतून आकडा एकेकटा येत नाही. बहुतेक संगणकांत ६४ बाइटचा एक संपूर्ण ट्रे येतो. मोठे आकडे असतील, तर ट्रेमध्ये आठ मावतात. ओळीने गेलात, तर आठही कामाला येतात. रकान्याने गेलात आणि तक्ता मोठा असला, तर एक आकडा वापरून ट्रे परत जातो आणि पुढच्या आकड्यासाठी दुसरा ट्रे मागवावा लागतो. पर्फचा तक्ता पाहिला, तर सूचनांची संख्या दोन्हीकडे जवळजवळ सारखीच, सायकली मात्र अनेक पट. मालक म्हणत असतो, “नवा संगणक घेऊ.” आणि गरज असते दोन ओळींची अदलाबदल करण्याची. छोट्या कारखानदाराच्या दृष्टीने हा फरक थोडाथोडका नाही.

मोठ्या कामांतही प्रश्न हाच. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०२४ मध्ये ‘अर्का’ हा ११.७७ पेटाफ्लॉपचा महासंगणक आला. पेरणी करायची की थांबायचं, हे ठरवणाऱ्या शेतकऱ्याला उद्याच्या पावसाचा अंदाज परवा मिळून काय उपयोग? वेळेत पुरं झालं, तरच ते गणित कामाचं. जगातल्या पहिल्या ५०० महासंगणकांच्या यादीतली सगळी यंत्रं नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवरच चालत आली आहेत. म्हणजे ज्या लिनक्सवर पर्फ चालतं, तेच तिथंही आहे.

मात्र आकडा दिसला, की तो ब्रह्मवाक्य मानू नये. प्रोसेसरमधले गणक मोजकेच असतात. एकदम दहा-वीस घटना विचारल्या, तर पर्फ त्यांना पाळीपाळीने गणकावर बसवतं आणि उरलेल्या वेळाचा अंदाज बांधतं. तो अंदाज आहे, हे ते प्रामाणिकपणे शेजारच्या टक्केवारीत सांगतं. वाचणाऱ्याने तिकडे पाहायला हवं. शिवाय या गणकांवरून दुसऱ्याच्या कामाचा माग काढता येतो, म्हणून सामान्य वापरकर्त्याला किती पाहू द्यायचं, याला लिनक्समध्ये मर्यादा घालता येते. ते योग्यच आहे.

पण एक गोष्ट मनात सलते. आज आपण संगणक विकत न घेता दूरच्या केंद्रातून तासाच्या भाड्याने घेऊ लागलो आहोत. अशा भाड्याच्या यंत्रावर पर्फ चालवून पाहा. अनेक ठिकाणी गणकांच्या जागी ‘सोय उपलब्ध नाही’ एवढंच उत्तर येतं. त्याला सुरक्षेची कारणं आहेत, नाही असं नाही. पण पैसे तासाने मोजून द्यायचे आणि त्या तासात यंत्राने काम किती केलं, हे मात्र पाहता यायचं नाही! १९९३ चं ते परिशिष्ट मला अशा वेळी आठवतं.

आपल्या शॉपमधला सुपरवायझर हे चालवून घेणार नाही. तो म्हणेल, “मशिन चालू आहे ते दिसतंय. मीटर दाखवा.” संगणक वापरणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य पाठ करायला हरकत नाही.