फाइल आली, मराठी मागे राहिली

डॉसच्या काळात सिस्टीम हलवायला एक फ्लॉपी पुरायची. नव्या मशीनमध्ये बूट फ्लॉपी घालून 'सिस' कमांड दिली, की हार्ड डिस्कवर डॉसच्या मूळ फाइली जायच्या आणि मशीन आपलं आपण सुरू व्हायचं. बाकीचं काम १.४४ एमबीच्या फ्लॉप्यांवर. मोठी फाइल झिप करून तुकड्यांत न्यायची. मधली एक फ्लॉपी खराब निघाली तर सगळी मेहनत वाया. पुण्यातल्या छापखान्यांचे आणि डीटीपीवाल्यांचे कॉम्प्युटर मी तेव्हापासून सांभाळतो आहे.

विंडोज ९५ आलं आणि डेटा फ्लॉप्यांत मावेना. मग जुनी हार्ड डिस्क काढून नव्या कॅबिनेटमध्ये त्याच पट्टी-केबलवर जोडायची. डिस्कच्या मागे, केबल आणि पॉवर यांच्या मध्ये बारीक पिना असतात आणि त्यांवर तांदळाच्या दाण्याएवढा जंपर. चिमट्यानं तो हलवून नवी डिस्क 'मास्टर' आणि जुनी 'स्लेव्ह' करायची. दोन्ही मास्टर राहिल्या की बायोसला डिस्क धड दिसायच्या नाहीत.

मग घोस्ट आला. न्यूझीलंडमध्ये तयार झालेलं हे सॉफ्टवेअर १९९८ साली सिमँटेकनं घेतलं. विंडोजसकट अख्खी डिस्क जशीच्या तशी दुसरीवर उतरायची. पण मदरबोर्ड वेगळा असला की विंडोज एक्सपी निळ्या स्क्रीनवर अडायचं, कारण आत ड्रायव्हर जुन्या बोर्डाचे. म्हणून विंडोज नव्यानं टाकायचं आणि फाइली कॉपी करायच्या, हाच रिवाज पडला.

मराठीची खरी अडचण इथेच सुरू झाली. नव्या मशीनवर पेजमेकर या पानं मांडण्याच्या सॉफ्टवेअरची फाइल उघडायची. समास, कॉलम, चौकटी सगळं जागच्या जागी, आणि मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरं नि चिन्हांची खिचडी. श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचं आयएसएम यांच्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरांचे तुकडे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले असत आणि ही मांडणी प्रत्येक कंपनीची निराळी. फाइलमध्ये नुसते क्रमांक. त्यांचं मराठी करणारा फॉन्ट जुन्या मशीनवरच राहिलेला. शिवाय बऱ्याच सॉफ्टवेअरना प्रिंटर पोर्टवर लावायचं लॉक लागे. पुढे नव्या मशीनवरून ते पोर्टच गेलं. केवळ त्या लॉकसाठी जुनं मशीन जपून ठेवलेले छापखाने मी पाहिले आहेत.

यावरचा उपाय म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच क्रमांक देणारं युनिकोड. त्याच्या १९९१च्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरी होती. विंडोज २०००बरोबर मंगल हा युनिकोड फॉन्ट आला. पण एक्सपीतही मराठीसाठी प्रादेशिक भाषांच्या सेटिंगमध्ये खूण करून विंडोजची सीडी घालावी लागे. पेजमेकरची शेवटची आवृत्ती ७, २००१ सालची. तिला युनिकोड आलंच नाही. त्यामुळे कितीतरी दिवाळी अंक, स्मरणिका, ग्रंथ त्यानंतरही जुन्याच फॉन्टमध्ये बांधले गेले.

हा मजकूर युनिकोडमध्ये आणणं म्हणजे नुसती अक्षरं बदलणं नव्हे. जुन्या फॉन्टमध्ये 'किती'तली पहिली वेलांटी 'क'च्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये 'क'च्या नंतर. 'सूर्य'चा रफार तिथे 'य'नंतर येतो, इथे 'र्' आधी. कन्व्हर्टर हे बहुतेक वेळा सांभाळतो, पण जोडाक्षरांत चुकतो. म्हणून माणसानं प्रूफ वाचल्याशिवाय गत्यंतर नाही.

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा आधार संपला आणि बरीच जुनी मशीन आता भंगारात निघतील. तुमच्याकडे असं मशीन असेल तर ते देण्याआधी एवढं करा: फॉन्ट्सचा फोल्डर जपा, कुठली फाइल कुठल्या फॉन्टमध्ये आहे ते लिहून ठेवा, प्रत्येक कामाची पीडीएफ काढा आणि मजकूर युनिकोडमध्ये आणून एकदा मुळाशी ताडून वाचा. जुनं मशीन सुरू आहे तोवरच हे सहज जमतं.