मानेतला बाक

इलेक्ट्रिक बास गिटारच्या इतिहासात वादकांची नावे येतात, ध्वनिवर्धकांची वर्णने येतात. मानेच्या पोटातल्या पोलादी सळईकडे मात्र सहसा कोणी वळत नाही. आम्हांला तीच या इतिहासातली कळीची गोष्ट वाटते.

ताण कमी-जास्त करता येणाऱ्या या सळईचे पेटंट गिब्सन कंपनीतील थॅडियस मॅकह्यू यांना १९२३ मध्ये मिळाले. लिओ फेंडर यांना ती अनावश्यक वाटली. मेपलचे टणक लाकूड तारांचा ओढा सहज सोसेल, असा त्यांचा हिशेब. १९५० मधल्या पहिल्या एस्क्वायर गिटारींच्या माना वाकल्या, तेव्हा कुठे सळई आली. मानेच्या पाठीवरची अक्रोडाची काळपट पट्टी ती खाच बुजवते. आमच्या लेखी ती चुकीची कबुलीच आहे.

१९५१ च्या प्रिसिजन बासमध्ये ही सळई पहिल्यापासून होती. पडद्यांमुळे स्वर नेमका लागतो, म्हणून ते नाव. पण चौतीस इंच लांब झुलणाऱ्या तारेखाली मान अगदी सरळ असूनही भागत नाही. तार मध्यावर सर्वाधिक झुलते. तिथे किंचित खोलगटपणा नसेल तर ती पडद्यांवर आपटून खरखरते. सळई आवळली की बाक घटतो, सैल केली की वाढतो. गंमत अशी, की तिचा नट फेंडर यांनी मानेच्या बुडाशी ठेवला. पाव फेरा द्यायचा, तरी मान सोडवा!

डेट्रॉईटच्या मोटाउनमधले जेम्स जेमरसन आपल्या १९६२ च्या प्रिसिजनवर तारा चांगल्या उंच ठेवत. ते मूळचे उभ्या बासचे वादक. बोटांना त्या ओढ्याची सवय होती.