घरातील रेडॉन : उपाययोजनेसाठी तज्ज्ञ नेमताना

डिसेंबर १९८४ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्याच्या लिमरिक अणुवीज केंद्रात स्टॅन्ले वॉट्रस हे अभियंते कामावर येताच किरणोत्सर्ग टिपणारे यंत्र वाजू लागले. केंद्रातून बाहेर पडणाऱ्यांच्या अंगावर काही राहिले आहे का, हे पाहण्यासाठी बसविलेले ते यंत्र आत येणाऱ्या माणसावर वाजत होते. अखेर त्यांचे राहते घर तपासण्यात आले. तेथील हवेत दर लिटरमागे सुमारे २७०० पिकोक्युरी रेडॉन आढळला. अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था आज ४ पिकोक्युरीला उपाय करण्यास सांगते, हे लक्षात घेतले की या आकड्याचा अर्थ कळतो. घरातल्या रेडॉनचा प्रश्न अमेरिकेत सार्वजनिक चर्चेत आला तो या घटनेने.

वॉट्रस यांचे घर ज्या खडकांच्या पट्ट्यावर होते, तो ‘रीडिंग प्राँग’ पट्टा पेनसिल्व्हेनियातून न्यू जर्सी व न्यूयॉर्ककडे जातो. न्यू जर्सीत मराठी कुटुंबांची मोठी वस्ती आहे. तेथील घरांना तळघर असते आणि अनेकदा त्याचीच पाहुण्यांची खोली केली जाते. गावाहून महिनोन् महिने राहायला गेलेले आई-वडील मुक्कामाला असतात ते तेथेच. रेडॉनचे प्रमाणही सहसा तेथेच सर्वाधिक असते.

जमिनीतील युरेनियम व रेडियम यांच्या विघटनातून हा वायू निर्माण होतो. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. हिवाळ्यात घरातील उबदार हवा वर चढते, खाली किंचित ओढ निर्माण होते आणि फरशीच्या भेगांतून, नळांभोवतीच्या फटींतून, पाणी उपसण्याच्या खड्ड्यातून जमिनीतील वायू आत येतो. श्वासावाटे गेलेले त्याचे विघटनजन्य कण फुप्फुसाला इजा करतात. अमेरिकेत रेडॉनमुळे होणाऱ्या फुप्फुसाच्या कर्करोगाने दरवर्षी सुमारे २१,००० मृत्यू होतात, असा त्याच संस्थेचा अंदाज आहे. धूम्रपान करणाऱ्यांना धोका कितीतरी अधिक : ४ पिकोक्युरीच्या हवेत आयुष्य काढणाऱ्या हजार धूम्रपींपैकी सुमारे ६२ जणांना, तर कधीही धूम्रपान न केलेल्या हजारांपैकी सुमारे ७ जणांना हा कर्करोग होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये सुचविलेली पातळी याहूनही कमी, म्हणजे घनमीटरमागे १०० बेक्वेरेल आहे. ४ पिकोक्युरी म्हणजे १४८ बेक्वेरेल.

तज्ज्ञाला बोलावण्याआधी मोजणी हवी. अल्पमुदतीच्या चाचणीत मापक किमान ४८ तास, घरातील राहत्या जागेच्या सर्वांत खालच्या मजल्यावर ठेवतात. मोजणीच्या १२ तास आधीपासून ती संपेपर्यंत दारे-खिडक्या बंद ठेवायच्या. जाण्या-येण्यापुरते दार उघडायला हरकत नाही. आकडा ४ वा त्याहून अधिक आला तर दुसरी चाचणी करून खात्री करून घ्यावी. शेजाऱ्याच्या घरात काही निघाले नाही म्हणून आपले घर सुरक्षित धरणे ही मात्र निव्वळ भाबडेपणाची गोष्ट आहे. भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांतही आकडे वेगळे येतात.

यानंतर कोणाला बोलवायचे, हा खरा प्रश्न. न्यू जर्सी व पेनसिल्व्हेनियात हे काम करणाऱ्याला राज्याच्या पर्यावरण खात्याचे प्रमाणपत्र लागते आणि प्रमाणित व्यावसायिकांची नावे ते खाते उपलब्ध करून देते. ज्या राज्यांत असा कायदा नाही, तेथे राष्ट्रीय पातळीवरील दोन प्रमाणन संस्थांपैकी एकीची मान्यता पाहावी : नॅशनल रेडॉन प्रोफिशियन्सी प्रोग्रॅम किंवा नॅशनल रेडॉन सेफ्टी बोर्ड. प्रमाणपत्र हा केवळ उंबरठा होय. माणसाची पारख होते ती तो घर कसे पाहतो यावरून. घर न पाहता फोनवरच पक्का भाव सांगणाऱ्याला दूर ठेवलेले बरे. जाणता माणूस तळघरात उतरतो, पाया कोणत्या प्रकारचा आहे ते पाहतो आणि गरज वाटल्यास काँक्रीटला छोटे छिद्र पाडून, एका जागी ओढ लावली असता लादीखालची हवा दुसऱ्या टोकापर्यंत खेचली जाते का, याची परीक्षा घेतो. लादीखाली खडी आहे की घट्ट चिकणमाती, यावर नळ एक लागेल की दोन, हे ठरते. किमान दोन-तीन जणांकडून लेखी अंदाजपत्रक घ्यावे. काम झाल्यावर आकडा ४ च्या खाली आणण्याची हमी त्यात आहे का आणि आला नाही तर पुढील खर्च कोणाचा, हे त्यात स्पष्ट लिहून घ्यावे.

सर्वाधिक वापरली जाणारी रीत तशी सोपी आहे. लादीत भोक पाडून प्लास्टिकचा नळ बसवितात. विजेचा पंखा लादीखालची हवा सतत ओढून छतावर सोडतो. त्यामुळे वायू घरात शिरण्याआधीच बाहेर जातो. भेगा बुजविणे आवश्यकच, पण केवळ भेगा बुजवून काम भागेल असे सांगणाऱ्याचे ऐकू नये. पंखा कोठे बसविणार, हेही विचारावे. तो माळ्यावर किंवा घराबाहेर हवा. राहत्या जागेत किंवा तळघरात असला आणि पुढच्या नळाचा सांधा सुटला, तर गोळा केलेला वायू घरातच फेकला जाईल. नळाचे तोंड जमिनीपासून किमान १० फूट वर, छताच्या कडेहून उंच आणि खिडक्यांपासून दूर असावे. घरात गॅसची भट्टी वा पाण्याचा बंब असल्यास पंख्याच्या ओढीने त्यांचा धूर मागे घरात येत नाही ना, हेही तज्ज्ञाने तपासायला हवे.

पंखा सुरू होऊन २४ तास उलटल्यावर, ३० दिवसांच्या आत पुन्हा मोजणी करतात. ती यंत्रणा बसविणाऱ्याने न करता त्रयस्थाने करावी. स्वतःच्या कामाला स्वतःच गुण देण्याची सोय कोणालाच नसावी. पुढेही दर दोन वर्षांनी चाचणी घ्यावी.

घर विकत घेताना एक अडचण हमखास येते. चाचणीचा आकडा जास्त निघाला की विकणारा ‘मीच दुरुस्त करून देतो’ म्हणतो आणि सर्वांत स्वस्त कंत्राटदार आणतो. नळ कोठून जाईल आणि पंखा किती आवाज करील, याची त्याला फारशी फिकीर नसते, कारण तो तेथे राहणार नसतो. त्यापेक्षा तेवढी रक्कम किमतीतून वळती करून घेऊन काम आपल्या माणसाकडून करून घेणे अनेकदा हिताचे ठरते.

यंत्रणा बसली की नळावर रंगीत द्रव भरलेली ‘यू’ आकाराची एक छोटी नळी लावतात. पंखा चालू असताना तिच्या दोन बाजूंचा द्रव कमी-जास्त उंचीवर असतो. तळघरात राहणाऱ्या आजी-आजोबांनाही हे दाखवून ठेवावे : दोन्ही बाजू समान पातळीवर दिसल्या, तर पंखा बंद पडला आहे आणि त्याच दिवशी कंत्राटदाराला फोन करायचा आहे.