बांधापलीकडे औंध

९ सप्टेंबर १९४२. वडूजच्या कचेरीसमोर तुम्ही उभे आहात आणि तुमच्या हातात काहीही नाही. मोर्चात सामील होताना एवढंच ठरलं होतं: कचेरीवर तिरंगा लावायचा, इंग्रजांचं राज्य संपलं असं सांगायचं आणि घरी परतायचं. झेंडा परशुराम घार्ग्यांच्या हातात आहे. गर्दीत तुमच्या पुढे दोन-तीन रांगा आहेत, त्यांच्याही पुढे ते. मग बंदुका वाजतात. पहिला बार हवेत असेल असं वाटतं, कारण सगळ्यांना तसंच वाटतं. पण झेंडा खाली येतो आणि पुढच्या रांगाच नाहीशा होतात.

दुसऱ्या दिवशी इस्लामपूरलाही हेच होणार आहे. तिथे पडणाऱ्यांत किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातले इंजिनिअर पंड्या असतील. ते तुम्हाला अजून ठाऊक नाही. तुम्हाला फक्त पळायचं आहे आणि पाय आपसूक मावळतीकडे वळतात. तिकडे यमाईचा डोंगर दिसतो. डोंगराखाली औंध.

अंधार पडल्यावर तुम्ही एक बांध ओलांडता. इकडची ज्वारी तिकडच्यासारखीच, मातीही तीच. खळ्याशेजारच्या खोपटातून एक म्हातारी कंदील वर करते.

"कुठनं आलासा?"

"वडूजास्नं."

ती काही विचारत नाही. भाकरी, वर झुणका, कांदा फोडून. मग म्हणते, "बसा निवांत. हितं पंतांचं राज्य हाय. त्यो फौजदार पुसल्याबगार हितं येत न्हाई."

हे वाक्य नीट ऐकून ठेवा. पुढची चार वर्षं सातारा जिल्ह्यात जे युद्ध चालणार आहे, त्याच्या नकाशाची किल्ली या म्हातारीच्या बोलण्यात आहे. औंध संस्थान म्हणजे ७२ गावं, ५०१ चौरस मैल, आणि तीही एका ठिकाणी नाहीत. औंध इथे, आटपाडी तिकडे माणदेशात, कुंडल खाली कृष्णाकाठच्या बाजूला आणि गुणदाळ तर थेट विजापूरकडे. शिवाय आजचा सांगली जिल्हा अजून जन्मलेलाच नाही. तो मुलूख साताऱ्यातच आहे आणि त्याच्या पोटात औंधाचे तुकडे विखुरलेत. खालसा, म्हणजे थेट इंग्रजांच्या अंमलाखालच्या मुलखातल्या पोलिसाला संस्थानी गावात माणूस पकडायचा तर आधी कागद हलवावा लागतो. कागद औंधात पोचेपर्यंत माणूस तिसऱ्या गावात जेवत असतो.

सकाळी चावडीपुढे माणसं जमलेली दिसतात. तुम्हाला वाटतं, आता आपलीच चौकशी. पण वाद बांधाचा आहे, दोन भावांचा. पाच पंच बसलेत, गावानेच निवडलेले. वकील नाही, स्टँपचा कागद नाही. दुपारच्या आत निकाल लागतो आणि दोघे भाऊ तो मानतात, कारण सगळं गाव ऐकत बसलेलं असतं. याचं मूळ राजाच्या निर्णयात आहे: औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी २१ जानेवारी १९३९ला राज्यघटना देऊन आपली सत्ता प्रजेच्या हाती सोपवली. त्यामागे त्यांचे चिरंजीव आप्पासाहेब होते, पोलंडहून आलेले मॉरिस फ्रीडमन होते आणि सेवाग्रामहून मसुद्याकडे लक्ष ठेवणारे गांधीजी होते. सूर्यनमस्कारांचा ध्यास घेतलेला, चित्रं काढणारा राजा एवढीच बाळासाहेबांची ओळख उरावी, याचं मला मनापासून वाईट वाटतं. त्या काळात आपण होऊन सत्ता खाली ठेवणारे राजे किती होते?

आता कुंडलला चला. साल १९४३.

इथे पहाटे मैदानावर पोरं धावतायत, लाठ्या फिरवतायत, रांगेत कवायत करतायत. ही तुफान सेना, इंग्रजांना झुगारून गावांनी उभ्या केलेल्या प्रति सरकारची फौज. जी. डी. बापू लाड इथलेच, आणि सेनेचे रामचंद्र लाड, ज्यांना गाव कॅप्टन भाऊ म्हणतं, तेही. वाळव्याकडे नागनाथअण्णा नायकवडी आहेत. आणि या सगळ्यांच्या मागे येडेमच्छिंद्रचे नाना पाटील, तलाठ्याची नोकरी सोडून चळवळीत आलेले. त्यांच्यावर इनाम लागलंय. ते कुठे आहेत हे कुणी सांगत नाही, पण काल रात्री कुठल्याशा गावात ते बोलले, हे सगळ्यांना माहीत असतं.

७ जून. तुम्ही शेणोलीजवळ रुळाशेजारी ओणवे बसलात. पुण्याहून मिरजेकडे जाणारी मीटरगेजची गाडी यायची आहे आणि तिच्यात सरकारी पगाराचा पैसा आहे. तुमच्याकडे कोयते, काठ्या आणि घरी केलेले दोन-चार बाँब आहेत. रुळांवर दगड रचलेत. गाडी थांबते, आणि त्याच क्षणी तुम्हाला मागच्या डब्याकडे धावायला सांगतात, कारण मागेही दगड रचायचे आहेत. पुढे जाता येऊ नये एवढ्यावर भागत नाही, मागेही सरकता येऊ नये. कोयत्यांच्या जोरावर गाडी थांबवणाऱ्या माणसांनी एवढा विचार केलेला असतो. पैशाच्या डब्यावर बंदूकवाला आहे. तो एकटा आहे आणि तुम्ही खूप आहात.

पुढची गोष्ट भवानीनगरच्या चौकीची. चौकीसमोर एक तरुण बाई मार खातेय. नवरा दगड उचलतो, ती किंचाळते. दोन पोलीस सोडवायला बाहेर धावतात आणि तेवढ्यात तुम्ही मागून आत शिरून बंदुका उचलता. ती बाई म्हणजे नाना पाटलांची मुलगी हौसाताई, आणि नवरा म्हणजे त्या सोंगातला साथीदार. मार मात्र सोंगाचा नव्हता, नाहीतर पोलीस बाहेर आलेच नसते. युद्धशास्त्राच्या पुस्तकांत छाप्यांची वर्णनं खूप सापडतात. बाईने अंगावर झेललेल्या माराची नोंद त्यांत क्वचितच दिसते.

छापे ऐकायला रंगतात, पण तुम्हाला इथे आणलं ते त्यासाठी नाही. एखाद्या खालसा गावात, रात्री, देवळामागे चला. न्यायदान मंडळ बसलंय. सावकाराने गिळलेल्या शेताचा वाद आहे. औंधाच्या चावडीपुढे दिवसा, कायद्याने पाहिलंत तेच इथे कंदिलाच्या उजेडात चाललंय. कुंडलच्या माणसांनी तो कारभार आपल्या गावात रोज पाहिलेला होता. प्रति सरकारच्या न्यायदानाला त्याचं वळण मिळालं असावं असं मला वाटतं. इथेच लग्नंही लागतात. मानपान नाही, हुंडा नाही, हार घातले की झालं. दारूचा गुत्ता बंद करायचा हुकूम इथूनच निघतो. शाहीर शंकरराव निकमांचा डफ वाजला की गावं लोटतात.

आणि इथेच शिक्षा होते. खबऱ्या समोर आडवा पाडलेला आहे, काठी तळपायांवर बसतेय. तुम्हाला तोंड फिरवावंसं वाटतं, पण फिरवू नका. चळवळीच्या आडून घरं लुटणारे दरोडेखोर या लोकांनी मोडून काढले आणि त्यासाठी गावांनी त्यांना डोक्यावर घेतलं, हे खरं. पण ज्याला खबऱ्या ठरवलं त्याला अपील नव्हतं, आणि काही जीवही गेले. मला हे युद्ध प्यारं आहे म्हणून यातला हा भाग मी गाळणार नाही.

१९४४चा एप्रिल तुम्हाला खूप लांब नेतो, खानदेशात, चिमठाण्याजवळ. १४ तारखेला धुळ्याच्या सरकारी खजिन्याची साडेपाच लाखांच्या आसपासची रक्कम रस्त्यातच उचलली जाते. नागनाथअण्णा त्यात आहेत. ते पुढे पकडले जातात आणि साताऱ्याच्या तुरुंगातून भिंत ओलांडून निसटतात. फेब्रुवारी १९४६मध्ये मणदूरच्या रानात पोलिसांशी चकमक होते. किसन अहीर तिथे पडतात आणि त्यांच्याबरोबर आझाद हिंद सेनेतून आलेला नानकसिंगही. वारणेकाठच्या रानात पंजाबी जवान कुणासाठी लढतोय, हे त्या गावांत कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

त्याच वर्षी काँग्रेसचं मंत्रिमंडळ येतं, वॉरंटं मागे घेतली जातात आणि नाना पाटील उजेडात येतात. ४४ महिने ते सापडले नाहीत. लपायला सह्याद्रीचं जंगल होतं म्हणून, असं म्हणता येत नाही. कृष्णाकाठ म्हणजे बराचसा सपाट, पिकाखालचा मुलूख, त्यात रेल्वे आणि तारायंत्र. माओ १९३८मध्ये येनानला प्रदीर्घ युद्धावर व्याख्यानं देत होता, तेव्हा त्याच्या पाठीशी चीनएवढा खंडप्राय देश होता, मागे सरकायला जागा होती. इथे मागे सरकायला होता एक बांध, आणि बांधाच्या दोन्ही बाजूंना दार न विचारता उघडणारी घरं.

साताऱ्यात इंग्रजांनी सामुदायिक दंड बसवले, घरांवर जप्त्या आणल्या, माणसं डांबली. घरंच उठवून नेण्यापर्यंत ते इथे गेले नाहीत. मलायात गेले. १९५०पासून ब्रिग्ज योजनेखाली जंगलाच्या कडेच्या लाखो चिनी लोकांना काटेरी तारांच्या आतल्या नव्या गावांत कोंडलं आणि तांदळाचा दाणा न् दाणा मोजून दिला, म्हणजे गनिमाच्या ताटात काही पडू नये. त्या म्हातारीच्या भाकरीची किंमत लष्करी अधिकाऱ्यांना अशी कळली होती.

८ मार्च १९४८ला औंध विलीन झालं आणि तो बांध नुसता बांध उरला. त्याच वर्षी आप्पासाहेब पंत भारताचे आयुक्त म्हणून नैरोबीला गेले. घरात सत्ता सोडण्याचं काम पाहिलेला हा माणूस केनियाच्या आफ्रिकी पुढाऱ्यांत मिसळला, जोमो केन्याटांशी त्याची मैत्री झाली. १९५२ला तिथे माऊ माऊंचा उठाव पेटला तेव्हा गोऱ्या मळेवाल्यांनी आणि वसाहतीच्या सरकारने या पंतांकडे बोट दाखवलं आणि त्यांना परत बोलवा म्हणून लंडनने दिल्लीकडे लकडा लावला. किकुयू शेतकऱ्यांनाही पुढे खंदक आणि तारांच्या आतल्या वस्त्यांत हलवण्यात आलं.