पिंजऱ्यातली मादी

ताणाच्या शास्त्रीय अभ्यासाचा पाया हान्स सेल्ये यांनी १९३६ साली मॉन्ट्रियलमध्ये घातला, तो उंदरांना थंडी, जखमा आणि विषारी द्रव्ये देऊन. सुखाची पाळी बरीच उशिरा आली. समागमानंतर नर उंदराची भीती कमी होते, हे फर्नांदेस-ग्वास्ती आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये दाखवले. जर्मनीतल्या रेगेन्सबुर्ग येथे वाल्डहेर आणि नॉयमान यांना २००७ मध्ये त्याचे कारण सापडले: मेंदूत स्रवणारे ऑक्सिटोसिन. त्याचा परिणाम औषधाने अडवला की नर पुन्हा पूर्वीइतकाच बुजरा होई. २०१० मध्ये प्रिन्स्टनच्या प्रयोगाने आणखी गुंता वाढवला. पहिल्या समागमाने ताणाचे संप्रेरक वाढले, तरी मेंदूत नव्या पेशीही वाढल्या. चौदा दिवस रोज समागम घडल्यावर संप्रेरकाची ती वाढ उरली नाही आणि भीतीही ओसरली.

या प्रयोगांत मोजमाप झाले ते नराचे. मादी, खरे सांगायचे तर, सामग्रीच्या यादीत होती. मोकळ्या जागेत ती जवळ येते, पळते, पुन्हा येते. गती तीच ठरवते, हे मॅक्लिन्टॉक आणि ॲडलर यांनी १९७८ मध्येच नोंदवले होते. लहान पिंजऱ्यात पळायला जागा नसते. म्हणून काही प्रयोगशाळांनी मध्ये आडभिंत घातली. तिच्यातले भोक एवढेच, की अंगाने लहान मादी जाईल, नर नाही. २०११ मध्ये रेगेन्सबुर्गलाच दोन्ही रीती ताडून पाहिल्या. भोकातून ये-जा करू शकणाऱ्या मादीचे ऑक्सिटोसिन वाढले, आणि तिची भीती कमीच राहिली. साध्या पिंजऱ्यातल्या मादीचे ऑक्सिटोसिन तसे वाढले नाही, उलट भीती वाढली.