आपली खाडीकडची भिंत : एका चुकीचा आणि दुरुस्तीचा इतिहास

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असं सेक्रेटरींनी सांगितलं. उद्घाटनं, हळदीकुंकू, गणपती यांवर बाकीचे लिहितीलच. मी लिहितो आहे आपल्या मागच्या भिंतीबद्दल, कारण तिच्या इतिहासात माझाही हात आहे आणि तो फारसा अभिमानाचा नाही.

2000 साली आपण राहायला आलो तेव्हा ही दगडी भिंत नवीन होती. सुमारे 60 मीटर लांब, 3 मीटर उंच. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, आपल्याकडे तळमजल्यात गुडघाभर पाणी आलं. भिंत मात्र हलली नाही. तिच्या भोकांतून दोन दिवस धो-धो पाणी खाडीत पडत होतं, हे मी स्वतः पाहिलं आहे.

तरीही 2009 मध्ये आपण ती भोकं सिमेंटने बुजवली. डास येतात, भिंतीवर काळे ओघळ दिसतात, अशा तक्रारी होत्या. त्याच वर्षी मागची बाग काढून पार्किंगसाठी काँक्रीट केलं. खजिनदार मीच होतो. दोन्ही बिलांवर माझी सही आहे.

29 ऑगस्ट 2017 च्या पावसानंतर भिंतीला मधोमध पोट आलं आणि बोट जाईल एवढी भेग पडली. ‘पाडा आणि नवी बांधा’ असा सभेत सूर होता. खर्चाचा आकडा ऐकून तळमजल्यावरच्या आजी म्हणाल्या, “माझ्या पेन्शनीत हे बसायचं नाही रे बाबांनो.” शिवाय पलीकडे खारफुटी, तिला 2005 पासून उच्च न्यायालयाचं संरक्षण. तिथे मोठं यंत्र नेणं अशक्यच.

मग स्ट्रक्चरल इंजिनियर आले. त्यांनी पायथ्याशी खड्डा घेऊन पाहिलं. पाया खडकावर शाबूत होता. तो सरकला असता तर पाडण्याशिवाय मार्ग नव्हता, असं ते म्हणाले. मग त्यांनी मला बँकेच्या भाषेत हिशोब समजावला. भिंतीमागे 3 मीटर पाणी साठलं तर दर मीटर लांबीवर साडेचार टनांचा रेटा येतो. त्यात मातीचा रेटा मिळवला की कोरड्या मातीच्या दुपटीहून जास्त होतो. ओहोटीला बाहेरचं पाणी उतरतं, आतलं तुंबलेलंच राहतं, तेव्हा भिंतीला समोरून टेकूही उरत नाही. भिंत म्हातारी झाली नव्हती, आपणच तिचा श्वास कोंडला होता.

2018 च्या उन्हाळ्यात काम झालं. आधी भिंतीलगत गाड्या लावणं बंद केलं. बुजवलेली भोकं मोकळी केली, काही नवी पाडली. त्यांत नळ्या बसवून मागच्या तोंडाला गाळणीचं कापड लावलं, म्हणजे पाणी जाईल पण माती जाणार नाही. मागे चर खणून खडी भरली. जिथे पोट आलं होतं तिथे तिरपी भोकं खडकापर्यंत नेऊन लोखंडी सळया घातल्या, सिमेंटचा पातळ गिलावा दाबाने भरला आणि बाहेरून प्लेटा आवळल्या. भरतीने पोखरलेल्या पायथ्याला मोठे दगड रचले. फुगलेली भिंत पुन्हा सरळ केली नाही, तिथेच धरून ठेवली. खर्च नव्या भिंतीच्या निम्म्याहूनही कमी आला आणि आजींना जादा वर्गणीचे हप्ते करून दिले.

भेगेवर त्या वेळी तारीख लिहून काचेची पट्टी चिकटवली आहे. भिंत सरकली तर काच तडकेल. सात पावसाळे गेले, काच अखंड आहे. पोट तसंच दिसतं, मुलं तिला ‘ढेरीवाली भिंत’ म्हणतात.

नव्या कमिटीला एवढीच विनंती : दर मे महिन्यात त्या भोकांतून सळई फिरवून घ्या. ओघळ दिसले तर दिसू द्या. आणि कोणी बुजवायचं बिल आणलं, तर सही करण्याआधी हा लेख वाचा.